सिरॅमिक, पण आत काय

आमच्या ह्यांना घड्याळ नकोच होतं. 'हे' म्हणजे माझा नवरा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यांचं नाव माझ्या तोंडी बसलेलं नाही, आणि आता या वयात बसवायची हौसही नाही. एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत, तळघरात, बॅटऱ्यांची खोली आहे. ती हे सांभाळतात. बाहेरची वीज गेली की सगळ्या इमारतीचा भार त्या बॅटऱ्यांवर येतो. मांडणीवर बरण्या ठेवाव्यात तशा ओळीने बॅटऱ्या, एकीला दुसरी जोडलेली, आणि त्यांच्यातली वीज बंद करायला बटण नसतं. तिथे काम करायचं तर हातात धातू नको. अंगठी नाही, कडं नाही, घड्याळ नाही. दोन टोकांमध्ये धातू आडवा आला की डोळ्याचं पातं लवायच्या आत लालबुंद होतो, आणि तो मनगटावर असेल तर मनगट त्याच्यासोबत जातं. ह्यांच्या एका जुन्या सोबत्याचा हात मी पाहिला आहे. त्यानंतर दोन दिवस मला जेवण गेलं नव्हतं.

तर या खोलीत हे एकदा पडले. एकटेच होते. किती वेळ पडून होते ते कोणालाच ठाऊक नाही. जेवणाच्या सुट्टीत वर आले नाहीत म्हणून कोणीतरी बघायला गेलं, तेव्हा हे शुद्धीवर येऊन भिंतीला टेकून बसले होते आणि "पाय घसरला" असं सांगत होते. पाय घसरला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की ह्यांच्या हृदयाचा ठोका अधूनमधून थांबतो आणि मग परत सुरू होतो. मी विचारलं, एखाद्या वेळी सुरू झाला नाही तर? त्यांनी मला वेड्यात काढलं नाही.

पेसमेकर बसवायचा की नाही हे लगेच ठरवता येणार नव्हतं. ठोके किती वेळा थांबतात, कामावर थांबतात की घरी, हे आधी कळायला हवं होतं. म्हणून ठोके टिपणारं घड्याळ दिवसभर हातात ठेवा, नोंदी मला पाठवा, असं बाईंनी सांगितलं. दिवसभर म्हणजे कामावरही, कारण पडले होते ते कामावरच.

झालं. एकीकडे डॉक्टर म्हणतात घड्याळ काढायचं नाही, दुसरीकडे ह्यांचा नियम म्हणतो घालायचं नाही. त्यातून एकच वाट होती, ती म्हणजे धातू नसलेलं घड्याळ.

दुकानातल्या मुलीने काचेच्या टेबलावर एकेक घड्याळ मांडलं. बिचारी फार उत्साही होती. हे अॅल्युमिनियम, वजनाला हलकं. हे स्टील, त्यात चकचकीत आणि घासलेलं असे दोन फिनिश. हे टायटॅनियम, याला ओरखडा लवकर पडत नाही. ती रंग सांगत होती आणि हे नुसते मान हलवत होते, नाही, नाही, नाही. शेवटी मुलीला वाटलं की ह्यांना रंगच पसंत नाहीत, म्हणून तिने गुलाबीही दाखवलं. प्लास्टिकची घड्याळंही होती, पण त्यांत पावलं मोजायची सोय होती, ठोक्यांची चाल टिपायची नव्हती.

मग तिने खालच्या खणातून एक काळं घड्याळ काढलं. अजिबात चमक नसलेलं, पाटीसारखं काळं. म्हणाली, हे मॅट ब्लॅक, सिरॅमिक. मी विचारलं, सिरॅमिक ना? ती म्हणाली, सिरॅमिक.

आता माझं काम सांगते. मी दातांच्या लॅबमध्ये आहे. दंतवैद्य मापं पाठवतात आणि आम्ही दातांवर बसवायच्या कॅपा घडवतो. आमच्याकडे सिरॅमिक हा शब्द दिवसातून शंभर वेळा तोंडात येतो, आणि तो आला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, आत काय? कारण बहुतेक सिरॅमिक कॅपांच्या आत धातूची टोपी असते आणि वर दाताच्या रंगाचा पातळ थर. बोलायला धातूची आणि बिनधातूची, दोन्ही सिरॅमिकच. त्या दुकानात हा प्रश्न माझ्या ओठावर आलाही होता. पण तेवढ्यात ह्यांनी खिशातून मीटर काढला.

हो, मीटर. तारेतून वीज वाहते का ते बघायचा. दोन टोकं टेकवली आणि मधून वाट मिळाली की तो बीप करतो. हे तो लग्नकार्यालाही खिशात घेऊन जातात. भर दुकानात त्यांनी स्टीलच्या घड्याळाला टोकं लावली, बीप. टायटॅनियमला लावली, बीप. आजूबाजूची माणसं बघायला लागली आणि मी कोणाची कोण असल्यासारखी उभी राहिले. मग काळ्याला लावली. वर, खाली, कडेला, कोपऱ्यावर. मीटर गप्प. ह्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान दिसलं. म्हणाले, हेच घ्यायचं. मीटर खोटं बोलत नाही असं त्यांचं म्हणणं, आणि खोटं कोणी बोलत नसेल तर आणखी काय विचारायचं, असं वाटून मीही गप्प बसले.

आमच्या लेकीने फोनवरून समजावत ते घड्याळ माझ्या मोबाइलला जोडून दिलं. ह्यांचे ठोके आता मला लॅबमध्ये बसून दिसणार होते. एक लहानसं लाल हृदय आणि त्यापुढे आकडा.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. हे कामावर पोचून थोडा वेळ झाला आणि आकडा गेला. त्या जागी नुसती एक आडवी रेघ. ह्यांचा मोबाइल वाजवून उपयोग नव्हता, तिथे सगळ्यांचे मोबाइल गेटवर जमा करावे लागतात. मी गेटवर फोन केला. गेटवर एक गार्ड आहे, त्याला सगळे मेजर म्हणतात. सैन्यात तो कधीच नव्हता, पण मिशा तशा आहेत. माझा आवाज ऐकून मेजर धावत तळघरात गेला, त्याच्यामागे दोन इंजिनियर, त्यांच्यामागे लिफ्टवाला. आत हे स्टुलावर बसून हातमोजे चढवत होते आणि घड्याळ दाराबाहेर खुंटीला लटकत होतं. सवयीने काढून ठेवलं म्हणे.

संध्याकाळी घरी मी काय काय बोलले ते सांगत नाही. हेही चिडले होते. सगळ्यांसमोर शोभा केलीस, माणसं हसतात मला, म्हणाले. मी म्हटलं, हसू देत, पण ती रेघ मला परत दिसली तर मी स्वतः तिथे येऊन बसेन, स्टूल घेऊन. ह्यांनी मान हलवली. म्हणाले, नाही दिसणार.

आणि खरंच दिसली नाही. दुसऱ्या दिवसापासून आकडा सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकदाही गेला नाही. तळघरात नेटवर्क कसं पोचतं असं मी एकदा विचारलं, तर इमारतीचं वायफाय आहे म्हणाले. मी कॅपेला आकार देता देता मोबाइलकडे नजर टाकायची, आकडा बघायची आणि पुन्हा कामाला लागायची. बहात्तर, सत्तर, त्र्याहत्तर. दुपारच्या आधी थोडा वेळ तो चढायचा, तेव्हा मला वाटायचं बॅटरी उचलत असतील, आणि मी मनात रागवायची. घरी आल्यावर मात्र मधेमधे ठोक्यांत एखादी फट पडायची. मी लेकीला म्हटलंसुद्धा, तुझे बाबा कामावर जास्त शांत असतात, घरी मी असते ना. ती हसली. मीही हसले. इतक्या दिवसांनी भीती जरा बाजूला सरकली होती.

डॉक्टरीणबाईंनी नोंदी पाहिल्या तेव्हा त्याही खूश झाल्या. मेहनतीच्या वेळी ठोका एवढा चांगला राहतोय म्हणजे पेसमेकरची घाई नाही, म्हणाल्या. थांबू, पुढच्या महिन्यात बघू. हे शेजारच्या खुर्चीत बसले होते. काही बोलले नाहीत. मला वाटलं, सुटकेने शब्द फुटत नसतील.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी हे बुटाची नाडी बांधत होते. घड्याळाच्या कोपऱ्यावर मला एक बारीक पांढरट ठिपका दिसला. रात्री न्हाणीघराच्या नळावर आपटलं होतं. साबण असेल असं समजून मी पदराने पुसायला गेले, पण हे उठले आणि निघाले.

लॅबमध्ये त्या दिवशी एक कॅप परत आली. रोग्याने सुपारी फोडली की काय कोण जाणे, कोपऱ्यावरचा टवका उडाला होता. मी ती भिंगाखाली धरली. दातासारखा पांढरा थर, तो तुटलेला, आणि त्याच्याखालून डोकावणारा राखाडी धातू.

कॅप माझ्या हातातच होती. साबण नव्हता तो. पाटीसारखा काळा थर, तो तुटलेला, आणि खालून धातू. थर वीज जाऊ देत नाही म्हणून मीटर गप्प राहिला होता. मीटर खोटं बोलला नव्हता. त्याला विचारलं तेवढंच त्याने सांगितलं होतं. आता थराला भोक पडलं होतं, आणि तो हात आत्ता, या क्षणी, त्या बॅटऱ्यांमध्ये होता.

मोबाइलवर आकडा होता, एकाहत्तर. मी गेटचा नंबर लावला. लागेना. पुन्हा लावला. पुन्हा नाही. मग आठवलं की लेकीने सांगितलं होतं, मेसेज टाकला तर घड्याळावर उमटतो. चारदा खोडलं. शेवटी लिहिलं, "घड्याळ लगेच काढा. आत धातू आहे."

एकाहत्तर. बहात्तर. मी आकड्यावरून नजर हलवली नाही. मग आकडा गेला आणि ती आडवी रेघ आली.

काढलं असणार. मेसेज वाचला आणि काढलं, दुसरं काय असणार? पण काढताना हात कुठे होता? काढायला दुसरा हात पुढे आला तेव्हा घड्याळ कशाला टेकलं? माणसाने घड्याळ काढलं तरी रेघ येते आणि माणूस गेला तरी तीच रेघ येते, त्यात काही फरक नसतो, हे मला पहिल्यांदा कळलं. एप्रन अंगावर तसाच ठेवून मी रस्त्यावर आले. टॅक्सीवाल्याने कुठे विचारलं तर मला इमारतीचं नाव आठवेना, नुसता हात करत राहिले. सिग्नलला गाडी थांबली की मी गेटला फोन लावायची, आणि दरवेळी तोच टूं टूं आवाज. डोळ्यांपुढे त्या सोबत्याचा हात यायचा. मग मनगटाच्या पुढचं काही दिसायचंच नाही. टॅक्सीवाला आरशातून बघत होता. त्याने शेवटचा चौक लाल दिव्यातच ओलांडला.

मेजर गेटवर उभा होता. कानाला फोन, आणि दुसऱ्या हातात घड्याळ. आमचं घड्याळ. पट्टा दोन बोटांत धरून त्याने ते अंगापासून लांब धरलं होतं.

मला बघताच त्याने फोन खाली ठेवला. म्हणाला, "वहिनी, तुमचा मेसेज आला. मी लगेच काढलं."

मला काही कळेना. मी त्याच्या मनगटाकडे बघत राहिले. तिथे पट्ट्याची खूण होती, गोरी, रुंद, रोज घड्याळ घालणाऱ्याच्या हातावर असते तशी.

मग मेजरने सगळं सांगितलं, मान खाली घालून. त्या पहिल्या दिवसाच्या तमाशानंतर दुसऱ्या दिवशी हे गेटवर थांबले होते. म्हणाले, मीटर काही म्हणो, माझा हात ऐकत नाही, हातात काही बांधून मला त्या दारातून आत जाववत नाही. आणि घड्याळ घरी काढून ठेवलं तर बायको घाबरून अर्धी होईल. तू दिवसभर घाल, संध्याकाळी मला दे. तुझंही हृदयच आहे. मेजरला वाटलं, बायकोच्या समाधानासाठी आहे, त्यात काय बिघडलं. सकाळी घालायचा, संध्याकाळी परत करायचा. दुपारच्या आधी सगळ्या मजल्यांवर फेरी असायची, तेवढं सोडलं तर दिवसभर खुर्चीत.

"मग मी कोणाचे ठोके बघत होते?" मी विचारलं. उत्तर समोर उभं होतं तरी विचारलं.

"माझे," मेजर म्हणाला. मग त्याने हळूच विचारलं, "चांगले आहेत ना, वहिनी?"

ह्यांचा हात भाजला नव्हता. तो कधी भाजणारच नव्हता. त्या भीतीपायी मी शहरभर जीव मुठीत घेऊन आले होते आणि ती भीती फुकटची निघाली. पण तिच्यामागे दुसरी उभी होती, आणि ती फुकटची नव्हती. डॉक्टरीणबाईंनी मेजरचे ठोके पाहून ह्यांचा पेसमेकर पुढे ढकलला होता. इतके दिवस त्या तळघरात ह्यांच्यावर कोणाचीच नजर नव्हती, माझी तर नव्हतीच. मी त्र्याहत्तर बघून कॅपा घासत बसले होते.

"खाली कळवलंत?" मी विचारलं.

"मेसेज आल्यापासून तळघरातल्या फोनवर लावतोय," तो म्हणाला. "उचलत नाहीत. काम करताना उचलत नाहीत तसेही."

म्हणून गेटचा फोन लागत नव्हता. मेजर चावी घ्यायला कपाटाकडे गेला आणि मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाच विचारलं, म्हणजे कामाच्या वेळची एकही नोंद त्यांची नाही? मी म्हटलं, एकही नाही. फक्त घरच्या. त्या फटीफटीच्या.

"आत्ता कुठे आहेत ते?" त्यांनी विचारलं.

"खाली. एकटे."

"त्यांना खाली बसवा. जिना चढू देऊ नका. मी अॅम्ब्युलन्स पाठवते."

जिना फार लांब नाही, पण उतरताना संपेना. मेजरने दार उघडलं. आत गारवा होता आणि पंख्यांची एकसुरी घरघर. ओळी, ओळी, ओळी. शेवटच्या ओळीपाशी, भिंतीला लागून, हे जमिनीवर बसले होते. एक हातमोजा काढलेला, दुसरा तसाच. डोळे उघडे होते. मला बघून ते आधी चकित झाले, मग त्यांनी माझ्यामागच्या मेजरकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"जरा टेकलो होतो," हे म्हणाले. "फोन ऐकला गं. उठावंसं वाटेना."

कपाळावर घाम होता, गार खोलीत. मी त्यांच्याशेजारी बसले. भांडायचं असं काही मी ठरवलं नव्हतं. तरी तोंडातून गेलंच, की माझ्यापासून लपवलंत ते एक वेळ समजते, पण डॉक्टरांसमोर गप्प का बसलात. त्यांना ठाऊक होतं की त्या नोंदी कोणाच्या आहेत.

त्यांनी समोरच्या ओळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पेसमेकर बसला की या खोलीत पाऊल टाकू देत नाहीत. मग मी काय करू? आणि तू किती घाबरायचीस. रात्री उठून माझ्या नाकापुढे हात धरायचीस. मला वाटायचं झोपेचं सोंग घेऊन पडून राहावं, म्हणजे तुला बरं वाटेल. नंतर तो आकडा बघून तू हसायला लागलीस. ते मला मोडवेना."

मला त्यांचा राग आला, आणि मेजरचा, आणि दुकानातल्या त्या मुलीचाही, आणि सगळ्यात जास्त त्या आकड्याचा. पण माणूस गार खोलीत घामाने भिजून बसलेला असताना राग धरून तरी काय करणार? मेजर वर धावला, अॅम्ब्युलन्सला वाट दाखवायला. आम्ही दोघंच उरलो. मी त्यांचा दुसरा हातमोजा काढला आणि मनगट हातात घेतलं. उघडं, या खोलीत कधी काही न घातलेलं मनगट. नाडी सापडायला वेळ लागला. मग बोटाखाली ती लागली.

एक. दोन. तीन. मग काहीच नाही. मी श्वास रोखला. पंखे फिरत होते. ह्यांची नजर एक क्षण माझ्या चेहऱ्यावरून सुटून कुठेतरी लांब गेली. मग बोटाखाली काहीतरी हललं, आणि ते परत आले.

वरून पावलांचा आवाज अजून येत नव्हता.

"किती आहेत?" त्यांनी विचारलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मी आजवर मोबाइलकडे बघत आले तसे.

"बहात्तर," मी म्हणाले.